आकडी थांबली, पण मुलाला कुणी विचारले का?

शेजारच्या तालुक्यातून एका आईचे पत्र आले आहे. मुलगा ११ वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला आकडी येऊ लागली, गोळ्या सुरू झाल्या आणि गेल्या आठ महिन्यांत एकदाही आकडी आलेली नाही. आई लिहिते, "दुखणे आटोक्यात आहे असे डॉक्टर म्हणतात, पण मुलगा पूर्वीचा राहिला नाही. चिडतो, धाकट्या भावाला मारतो, रात्री दिवा मालवू देत नाही. सासूबाई म्हणतात, मीच लाडावून ठेवला. हे औषधाने होते की माझे काही चुकले?"

पत्र वाचून मला माझीच जुनी सवय आठवली. अशी मुले दवाखान्यात आली की मी ठरलेले तीन प्रश्न विचारीत असे. आकडी किती वेळा आली? गोळी चुकली का? झोप नीट होते का? उत्तरे बरी मिळाली की चिठ्ठी लिहायची आणि पुढच्या रुग्णाला हाक मारायची. मूल समोर स्टुलावर बसलेले असे आणि मी बोलत असे त्याच्या वडिलांशी. एका मुलीने नववीत शाळा सोडल्याचे मला दीड वर्षाने कळले, तेही बोलता बोलता. वर्गात आकडी आली, कपडे ओले झाले, मुली हसल्या. त्यानंतर ती शाळेत गेलीच नाही. त्या दीड वर्षात मी तिला पाच-सहा वेळा तपासले होते. माझ्या कागदावर दर वेळी शेरा एकच, 'प्रकृती उत्तम'.

अशा मुलांकडे कसे पाहावे हे मायकेल रटर या ब्रिटिश डॉक्टरने १९६०च्या दशकातच दाखवून दिले होते. रटर यांचा जन्म १९३३ साली लेबनॉनमध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धात, अवघ्या सातव्या वर्षी, त्यांना बहिणीबरोबर अमेरिकेत परक्या घरी राहायला पाठवण्यात आले होते. पुढे लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात त्यांनी आयुष्यभर मुलांच्या मनाचा अभ्यास केला. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ आइल ऑफ वाइट नावाचे बेट आहे. १९६४-६५ मध्ये रटर आणि त्यांचे सहकारी तेथे गेले. रुग्णालयात येणाऱ्या मुलांवरून अंदाज बांधायचा नाही, तर बेटावरची शाळकरी मुले सरसकट पाहायची, असे त्यांनी ठरवले. हे फार महत्त्वाचे. दवाखान्याच्या बाकावरची गर्दी पाहून तालुक्याची प्रकृती सांगणे म्हणजे बाजारात आलेल्या कांद्यावरून शिवारातले पीक सांगण्यासारखे आहे. आईवडिलांना विचारले, शिक्षकांना विचारले, मुलांना तपासले. मेंदूचे विकार असलेल्या मुलांचा स्वतंत्र अभ्यास रटर, फिलिप ग्रॅहॅम आणि विल्यम यूल यांनी १९७० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला.

त्यातले आकडे पाहण्यासारखे आहेत. उपचाराची गरज भासावी असा मानसिक त्रास सर्वसाधारण मुलांत शेकडा ७च्या आसपास होता. दमा, मधुमेह असे मेंदूशी संबंध नसलेले जुनाट आजार असलेल्या मुलांत तो शेकडा १२च्या आसपास होता. मात्र मेंदूला दुसरी कोणतीही इजा नसताना केवळ आकडी येणाऱ्या मुलांत तो शेकडा २९च्या घरात निघाला आणि मेंदूला इजा होऊन शिवाय आकडी येणाऱ्या मुलांत शेकडा ५८. या शेवटच्या गटातली मुले संख्येने थोडी होती हे खरे, पण चढता क्रम स्पष्ट आहे.

याचा अर्थ असा की, मूल नुसते आजारपणाला कंटाळून चिडते असे म्हणून भागत नाही. तसे असते तर दम्याच्या मुलांतही तेवढेच प्रमाण दिसायला हवे होते. आकडी ज्या मेंदूतून उठते त्याच मेंदूत राग, भीती आणि लक्ष यांचाही कारभार चालतो. पण सगळा दोष मेंदूचाही नव्हता. ज्या घरात ताणतणाव होते किंवा आई स्वतः खचलेली होती, तेथे या मुलांचाही त्रास जास्त आढळला. आणि या त्रासाचे स्वरूप अगदी नेहमीचेच होते. धास्ती, उदासी, भांडखोरपणा, खोटे बोलणे असे कोणत्याही मुलात दिसावे तसे. 'फेफऱ्याचा वेडेपणा' म्हणून आपल्याकडे जे बोलले जाते तसले काही वेगळे त्यांना दिसले नाही. शेकडा २९ हा आकडा उलटूनही वाचावा, कारण उरलेल्या ७१ मुलांना असा त्रास नव्हता.

मला स्वतःला सर्वांत उपयोगी पडली ती दुसरीच गोष्ट. पालकांनी दाखवलेली त्रासातली मुले आणि शिक्षकांनी दाखवलेली मुले, या दोन याद्यांत फारच थोडी नावे सारखी होती. घरी गप्प असणारे मूल शाळेत वेगळे असते. म्हणून रटर आणि ग्रॅहॅम यांनी मुलाशीच समोरासमोर बोलण्याची पद्धत तपासून पाहिली, आणि मूल आपल्याविषयी विश्वासार्ह माहिती देऊ शकते हे दाखवून दिले. हीच मुले १४-१५ वर्षांची झाल्यावर पुन्हा भेटली तेव्हा अनेकांनी आपण मनातून दुःखी असल्याचे सांगितले. घरच्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

आपल्याकडे एका मुलाबरोबर चार माणसे येतात आणि मुलाला नाव विचारले तरी आत्याच उत्तर देते. मी आता सर्वांना नम्रपणे बाहेर बसवतो. आधी क्रिकेट, मित्र, शाळेचा डबा. मग हळूच, झोपताना कसली भीती वाटते का? वर्गात कुणी काही म्हणते का? एक मुलगा म्हणाला, "डॉक्टर, झोपेत आकडी आली तर मी मरतो ना?" दोन वर्षे तो हे मनात धरून होता. पत्रातला दिव्याचा उल्लेख वाचताना मला तोच आठवला.

आता औषधाविषयी. फेनोबार्बिटोनने काही मुले चंचल व चिडखोर होतात. लेव्हेटिरासिटॅमनेही काहींचा स्वभाव बदलतो. गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढला आणि चिडचिड कधीपासून दिसू लागली, याच्या तारखा एका कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवाव्यात. औषध बदलता येते. मात्र आपल्या मनाने गोळी बंद करू नये. एकदम बंद केल्यास लागोपाठ आकडी येऊन जिवावर बेतू शकते.

राहिला आईच्या चुकीचा प्रश्न. स्वमग्नतेच्या बाबतीत, म्हणजे ज्याला आपण ऑटिझम म्हणतो त्याच्या बाबतीत, एके काळी परदेशातले नामांकित डॉक्टरही आईच्या थंड वागण्याला दोष देत. १९७७ मध्ये सुझन फोलस्टीन आणि रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकाच बीजापासून झालेल्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडांना ऑटिझम होता. वेगवेगळ्या बीजांच्या १० जोड्यांत असे एकदाही दिसले नाही. त्यात आनुवंशिकतेचा मोठा भाग आहे हे त्यावरून दिसले आणि आयांवरचा तो आरोप टिकेनासा झाला. ऑटिझम आणि आकडी हे वेगळे विकार आहेत, पण सासूबाईंना सांगावे की लाडाने आकडी येत नाही.

वर्गशिक्षकांनाही भेटावे. आकडी आली तर मुलाला कुशीवर वळवायचे, तोंडात काही घालायचे नाही, चप्पल किंवा कांदा हुंगवायचा नाही, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णालयात न्यायचे, एवढे त्यांना ठाऊक असावे. मुलाला वेगळ्या बाकावर बसवू नये. त्याची भीती, मारामारी चालूच राहिली तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात दाखवावे. त्यात कमीपणा नाही.

पुढच्या खेपेस डॉक्टरांकडे जाताना सासूबाईंना सोबत न्यावे. औषधाचे त्यांच्या समोरच समजावून घेतलेले बरे. डॉक्टर मुलाशी बोलत असतील तेव्हा मात्र दोघींनी बाहेरच्या बाकावर बसावे.