पुस्तक कुणाच्या हाती? : बेने इस्रायलांची शाळा आणि मुली

बेने इस्रायल समाजाविषयी मराठी वाचकाला साधारणपणे दोन-तीन गोष्टी ठाऊक असतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात ते ‘शनवार तेली’ म्हणवले गेले. केहिमकर, दिवेकर, अष्टमकर अशी त्यांची आडनावे गावांवरून पडली. आणि 1948 नंतर त्यांतले बहुतेक लोक इस्रायलला गेले. या समाजाच्या शाळेत मुलींना काय मिळाले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. धर्म जपू पाहणाऱ्या शाळेत स्त्री-पुरुष समानता कुठून येते आणि कुठे अडते, हे या उदाहरणात फार स्पष्ट दिसते.

आधी शाळेपूर्वीचा काळ पाहू. कोकणातल्या बेने इस्रायलांजवळ शतकानुशतके ना सिनेगॉग होते, ना तोराची गुंडाळी. टिकले ते शनिवारचा विसावा, सुंता, खाण्यापिण्याचे नियम, काही उपास-सण आणि ‘शेमा’ ही प्रार्थना. सुंता सोडली तर या यादीतल्या बऱ्याच गोष्टी घरात घडणाऱ्या आहेत. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी चूल आवरणे, कोणता मासा चालतो आणि कोणता नाही हे पाहणे, सणाचे पदार्थ करणे ही कामे बायकांची. म्हणून माझे अनुमान असे, की पुस्तक नसलेल्या त्या काळात धर्माचा मोठा भाग बायकांच्या हातात होता. त्याला कुणी अधिकार म्हटले नसेल, पण तो होता.

मग पुस्तक आले. 1796 मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. बेने इस्रायल त्याला ‘मशीद’च म्हणत. कोचीनहून धर्मशिक्षक आले. अमेरिकन मिशनच्या शाळा कोकणात निघाल्या, आणि जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. धर्म आता ग्रंथात, ग्रंथ हिब्रूत आणि हिब्रू सिनेगॉगात, असे झाले. सिनेगॉगात बायका वेगळ्या बसत. तोरा वाचण्याचा मान पुरुषांचा. एका बाजूने समाज सुशिक्षित होत होता, तर दुसऱ्या बाजूने धर्म स्वयंपाकघरातून उठून जिथे बायकांना वाचायला मनाई होती तिथे जाऊन बसत होता. सुधारणेच्या इतिहासात ही दुसरी बाजू सहसा येत नाही.

मुलींना तोरा शिकवावा की नाही, हा वाद यहुदी परंपरेत फार जुना आहे. मिश्नाच्या ‘सोटा’ या भागात दोन्ही मते शेजारी-शेजारी नोंदली आहेत. बेन अझाई म्हणतात, बापाने मुलीला तोरा शिकवलीच पाहिजे. रब्बी एलिएझर म्हणतात, तसे करणे म्हणजे तिला थिल्लरपणा शिकवणे. पुढची अनेक शतके एलिएझरांचे मत वरचढ राहिले. पण बेन अझाईंचे मत कुणी खोडून टाकले नाही. ते ग्रंथातच राहिले, त्यामुळे पुढच्या सुधारकांना आधार बाहेरून आणावा लागला नाही.

हाईम सॅम्युएल केहिमकरांनी 1875 मध्ये मुंबईत इस्रायली शाळा काढली. लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनची तिला मदत झाली. मिशनच्या शाळेत गेल्याशिवाय इंग्रजी नाही आणि तिथे गेल्यावर ख्रिस्ती धर्माचे धडे चुकत नाहीत, या पेचातून काढलेली ही वाट होती. मुलगे आणि मुली दोघांनाही ती खुली होती आणि हिब्रू व धर्मशिक्षण तिच्या अभ्यासक्रमात होते. जे अक्षर सिनेगॉगात पुरुषांपुढे उघडत होते, ते इथे मुलीच्या बाकापर्यंत पोचले. शाळेचे पहिले मोठे काम मी हेच मानते.

पण नुसते बाक मिळाले म्हणजे समानता आली असे होत नाही. फळ्यापुढे कोण उभे आहे आणि मुख्याध्यापकाच्या खुर्चीत कोण, हेही मुले पाहत असतात. इथे रिबेका रूबेन यांचे नाव येते. जन्म 1889 चा. शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत. 1905 च्या मॅट्रिक परीक्षेत त्या मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या. इंग्लंडला जाऊन त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि 1922 मध्ये त्या इस्रायली शाळेच्या मुख्याध्यापक झाल्या. 1950 पर्यंत, म्हणजे 28 वर्षे, त्या पदावर होत्या. याच काळात बगदादी वंशाचे उद्योगपती सर एली कदुरी यांच्या देणगीमुळे शाळेला त्यांचे नाव मिळाले.

या 28 वर्षांकडे ‘पहिली स्त्री’ या कौतुकापलीकडे जाऊन पाहिले पाहिजे. मुलांच्या एका अख्ख्या पिढीने शाळेचा शेवटचा शब्द बाईंचा असतो, हे रोज पाहिले. स्त्रियांचा मान राखावा असे मुलग्यांना सांगणे सोपे असते. बाईंच्या सहीशिवाय दाखला मिळत नाही, ही व्यवस्था मात्र सांगण्यापेक्षा खोल शिकवते.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. रूबेन घडल्या त्या समाजाच्या शाळेत नव्हे, तर रानडे आदी सुधारकांनी 1884 मध्ये काढलेल्या हुजूरपागेत. त्यांच्या समकालीन डॉ. जेरुशा झिराड याही हुजूरपागेच्याच. समाजाने मुलींना दार उघडले खरे, पण दोघींना उंची दिली ती मुलींसाठीच निघालेल्या, यहुदी नसलेल्या मराठी शाळेने. लहान समाजाची सुधारणा एकट्याने होत नाही, शेजारच्या सुधारणेचा हात तिला लागतो.

झिराड यांची वाट वैद्यकाची. थोरल्या बहिणीचा जीव कामा हॉस्पिटलमध्ये वाचला, तेव्हा त्यांनी डॉक्टर व्हायचे ठरवले. लंडनमध्ये 1919 मध्ये त्या एम. डी. झाल्या आणि 1928 ते 1947 त्याच कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. समाजातल्या बायकांसाठी 1913 मध्ये निघालेल्या स्त्री मंडळातही त्यांचा पुढाकार होता. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे 1925 हे साल. लंडनमध्ये त्यांची ओळख लिली माँटेग्यू यांच्याशी झाली होती. उपासनेत स्त्रीला बरोबरीचे स्थान देणारी उदारमतवादी चळवळ माँटेग्यूंनी तिथे उभी केली होती. त्या प्रेरणेतून मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन निघाली आणि पुढे तिचे ‘रोदेफ शालोम’ हे सिनेगॉग झाले. तिथे स्त्री-पुरुष एकत्र बसू लागले.

म्हणजे शाळेने बाक दिला, खुर्ची दिली. पण प्रार्थनास्थळातली जागा मिळवायला वेगळी संस्था काढावी लागली. समाजातले बहुसंख्य लोक जुन्याच सिनेगॉगांत राहिले. शाळेत जी बरोबरी सहज वाटली, ती शनिवारी सकाळी सहज वाटत नव्हती.

असे का व्हावे? मला वाटते, याचे उत्तर ‘मान’ या शब्दात आहे. यहुदी परंपरेत ‘कावोद’, म्हणजे आदर, याला फार मोठे स्थान आहे. अनेक यहुदी घरांत शुक्रवारी रात्री नीतिसूत्रांतले सद्गुणी पत्नीच्या गौरवाचे पद म्हणतात. त्याच परंपरेत, आपल्याला स्त्री केले नाही म्हणून देवाचे आभार मानणारा एक आशीर्वाद पुरुष रोज सकाळी म्हणत आले. शुक्रवारचा गौरव खोटा नाही, पण तो स्त्रीला दिलेल्या ठरावीक जागेचा गौरव आहे. जागा बदलायची म्हटले की तोच मान आड येतो : ‘घराची राणी’ असलेल्या बाईला वाचायला उभे कशाला करायचे? मराठी घरातल्या ‘गृहलक्ष्मी’लाही हा युक्तिवाद परका वाटणार नाही.

यहुदी जगात इतरत्रही हा पेच त्याच सुमारास सोडवला जात होता. 1917 मध्ये क्राकोव्हला शिवणकाम करणाऱ्या सारा शेनिरर यांनी सनातनी मुलींसाठी ‘बेस याकोव्ह’ शाळा काढली. तिथे मुलींना धर्मग्रंथ शिकवले, पण सिनेगॉगच्या रचनेला हात लावला नाही. 1922 मध्ये न्यूयॉर्कला ज्यूडिथ कॅप्लन या मुलीने सिनेगॉगात सर्वांपुढे तोराचा भाग वाचला. धर्मनियमाप्रमाणे मुलगी बाराव्या वर्षी सज्ञान होते, मुलगा तेराव्या; तरी जाहीर वाचन तोवर मुलाचेच होते. त्याच 1922 मध्ये मुंबईत रिबेका रूबेन शाळेच्या खुर्चीवर बसल्या. कुणी ग्रंथ दिला, कुणी व्यासपीठ, कुणी खुर्ची. तिन्ही एकत्र कुणाला एकदम मिळाले नाही.

आज माझगावच्या कदुरी शाळेत यहुदी मुले नावापुरती उरली आहेत. बहुसंख्य विद्यार्थी इतर धर्मांचे, त्यांत मुसलमान पुष्कळ. त्यांच्याही घरी मानाची भाषा ओळखीची असणार. म्हणून कोणत्याही धार्मिक समाजाच्या शाळेला विचारावेत असे तीन प्रश्न या इतिहासातून मी घेते. मुलगी बाकावर आहे का? निर्णयाच्या खुर्चीवर बाई आहे का? आणि समाज ज्या ग्रंथाला सर्वांत मोलाचा मानतो, तो उघडून सर्वांपुढे वाचायची मुभा तिला आहे का? पहिल्या प्रश्नाला बहुतेक शाळा हो म्हणतात, दुसऱ्याला काही. तिसऱ्याला काय उत्तर येते, त्यावरून त्या समाजातला मान आणि समानता यांच्यातले अंतर मोजता येते.