तहकूब सभा

काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन म्हणजे डिसेंबर 1936 मधील, तत्कालीन पूर्व खानदेशातील यावल तालुक्याच्या फैजपूरचे. धनाजी नाना चौधरी यांच्या पुढाकाराने भरलेल्या आणि जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली झालेल्या या अधिवेशनात, नंदलाल बोस यांनी बांबूंनी सजविलेल्या टिळकनगरात, शेतसारा, खंड व कर्ज यांचा भार हलका करण्याचा कार्यक्रम मंजूर झाला. परंतु मताधिकार तेव्हा मालमत्ता व शिक्षण यांच्या कसोटीवर मिळत असल्याने ज्यांच्यासाठी तो कार्यक्रम होता त्यांतील बहुसंख्यांना मतच नव्हते.

मत पुढे सर्वांना मिळाले. 24 एप्रिल 1993 रोजी अंमलात आलेल्या 73 व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक प्रतिष्ठा दिली, आणि 1996 च्या पेसा कायद्याने यावल, रावेर, चोपडा, शिरपूर, साक्री या तालुक्यांतील अनुसूचित गावांच्या ग्रामसभांना त्याहून विस्तृत अधिकार दिले. असे असूनही ग्रामसभा ओस का पडतात? सभेच्या गणपूर्तीस एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते; तेवढेही न जमल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस गणपूर्तीचे बंधनच नसल्याने मूठभर मंडळींच्या सह्यांवर ठराव दप्तरी दाखल होतात. यास लोकांचे औदासीन्य म्हणण्याची पद्धत आहे. मला ती अन्यायाची वाटते, कारण वरून ठरून आलेल्या योजनांना संमती देण्यापुरतेच काम असेल तर शहाण्या माणसाने दिवसाची मजुरी का बुडवावी?

साक्री तालुक्यातील बारीपाड्याचे उदाहरण येथे बोलके आहे. चैत्राम पवार (2025 मध्ये ‘पद्मश्री’) यांच्या पुढाकाराने 1990 च्या दशकाच्या आरंभापासून या आदिवासी पाड्याने उजाड झालेले सुमारे 445 हेक्टर जंगल राखले. तोडबंदी करावयाची तर सरपण कोणी कोठून आणावे, जंगलावर पहारा कोणी ठेवावा, हे ज्यांच्या चुलीचे प्रश्न होते त्यांनीच ठरवावे लागले. असा निर्णय गणपूर्तीविना निभत नाही.

2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनांच्या रक्षणाचा व व्यवस्थापनाचा असा अधिकार विधिमान्य केला. दावा ग्रामसभेने ठरावाने पुढे पाठवावा, उपविभागीय समितीने तो तपासावा आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अंतिम निर्णय द्यावा, असा क्रम आहे. म्हणजे शेवटचा शब्द कचेरीचाच. मात्र 2012 च्या दुरुस्त नियमांनुसार ग्रामसभेची शिफारस अमान्य करावयाची झाल्यास त्या कचेरीला आपली कारणे तपशिलाने लेखी नमूद करावी लागतात.