परकीय भाषांचे विभाग आणि अध्यापकांची जडणघडण

महाविद्यालयात इतिहास किंवा रसायनशास्त्र शिकू लागणारा विद्यार्थी शाळेतील काही शिदोरी घेऊन आलेला असतो. जर्मन, रशियन किंवा जपानी भाषेच्या वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिती वेगळी असते. तो बहुधा मुळाक्षरांपासून आरंभ करतो, आणि वर्गाबाहेर ती भाषा त्याच्या कानावर क्वचितच पडते. अशा विद्यार्थ्याच्या दृष्टीने अध्यापक हाच त्या भाषेचा देश असतो. म्हणूनच परकीय भाषा विभागाच्या प्रमुखाचे पहिले कर्तव्य म्हणजे आपले अध्यापक घडविणे, हे होय. वेळापत्रक आणि परीक्षा यांची व्यवस्था त्यानंतर येते.

महाराष्ट्रात या भाषांच्या अध्यापनाची परंपरा जुनी आहे. पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत अनेक वर्षे चालत आला आहे. कनिष्ठ महाविद्यालयांतूनही फ्रेंच व जर्मन हे विषय घेतले जातात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर माध्यमिक स्तरावर कोरियन, जपानी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन आदी भाषा शिकविण्याचा उल्लेख आहे. यासाठी लागणारे शिक्षक या विभागांतूनच तयार व्हावयाचे आहेत.

विभागातील दोन मजले

या विभागांत एक दोष सहज शिरतो. ज्येष्ठ प्राध्यापक साहित्याचे वरचे वर्ग घेतात आणि प्रारंभीचे भाषावर्ग नवख्या किंवा तासिका तत्त्वावरील अध्यापकांकडे जातात. अमेरिकेतील मॉडर्न लँग्वेज असोसिएशनने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तेथील विभागांच्या याच दुमजली रचनेवर बोट ठेवले होते. भाषा, साहित्य व संस्कृती यांचे अध्यापन पहिल्या वर्षापासून एकाच सलग अभ्यासक्रमात व्हावे, अशी त्या अहवालाची शिफारस होती.

आपल्याकडेही हा विचार लागू पडतो. तालुक्याच्या गावाहून, मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी पहिल्या सत्रात मागे पडला, तर पुढील साहित्याच्या वर्गापर्यंत तो पोहोचतच नाही. ज्या वर्गात विद्यार्थी टिकतो किंवा गळतो, तो वर्ग घेणाऱ्या अध्यापकालाच विभागाच्या बैठकीस बोलावणे नसते. तासापुरते मानधन घेऊन तो दुसऱ्या महाविद्यालयाकडे धाव घेतो. भाषा जाणणाऱ्या तरुणास भाषांतराचे व उद्योगक्षेत्राचे दरवाजेही खुले असतात. विभागात आपले स्थान आहे असे न वाटल्यास तो तिकडे वळतो, आणि दरवर्षी नव्याने सुरुवात करण्याची पाळी विभागावर येते.

अध्यापकाला काय लागते?

साहित्याची पदवी आणि भाषा शिकविण्याची हातोटी या दोन भिन्न गोष्टी आहेत. जपानी वाक्यात क्रियापद मराठीप्रमाणेच शेवटी येते, आणि नामापुढे लागणारे छोटे शब्द आपल्या विभक्तिप्रत्ययांसारखे काम करतात. हे साम्य दाखविणारा अध्यापक विद्यार्थ्याचे श्रम वाचवितो. इंग्रजी व्याकरणाच्या आधारे तेच शिकविणारा त्याला वळसा घालावयास लावतो. जर्मन भाषेत मराठीप्रमाणे तीन लिंगे आहेत. 'मुलगी' या अर्थाचा तेथील नेहमीचा शब्द नपुंसकलिंगी आहे. 'ते पोर' असे सहज म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचे फारसे नवल वाटू नये. मात्र सूर्य जर्मनमध्ये स्त्रीलिंगी आणि फ्रेंचमध्ये पुल्लिंगी असल्याने साम्यावर कोठवर विसंबावे, हेही सांगावे लागते. अशी जाण अनुभवी सहकाऱ्याच्या वर्गात बसूनच अंगी येते.

दुसरी गरज स्वतःच्या भाषेच्या उजळणीची. वर्षानुवर्षे केवळ प्राथमिक पाठ शिकविणाऱ्याची भाषा हळूहळू गंजते. यासाठी काही सोयी उपलब्ध आहेत. हैदराबाद येथील १९५८ सालच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेत १९७२ साली परकीय भाषांची भर पडली. आज ती विद्यापीठ म्हणून कार्य करते. १९८७ पासून सुरू झालेली अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे आता मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे या नावाने ओळखली जातात. जपान फाउंडेशनने १९८९ साली उरावा येथे काढलेल्या संस्थेत इतर देशांतील जपानीच्या शिक्षकांना प्रशिक्षण दिले जाते. जर्मनसाठी मॅक्समुलर भवनाचे साहाय्य मिळू शकते.

विभागप्रमुखाच्या हाती असलेले उपाय

सर्वच उपायांना निधी लागतो असे नाही. प्रत्येक ज्येष्ठ प्राध्यापकाने प्रथम वर्षाचा एक तरी वर्ग घ्यावा. अध्यापकांनी परस्परांच्या तासांना बसावे. मात्र त्या निरीक्षणाचा गोपनीय अहवालाशी संबंध नसावा, अन्यथा शिकण्याऐवजी धास्तीच वाढेल. एकच उत्तरपत्रिका सर्वांनी स्वतंत्रपणे तपासून गुणांतील तफावतीवर चर्चा करावी. युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेली ए-१ ते सी-२ ही सहा पातळ्यांची चौकट अशा वेळी समान मोजपट्टी म्हणून उपयोगी पडते. प्रशिक्षणाहून परतलेल्या अध्यापकाने तेथे मिळालेले ज्ञान सहकाऱ्यांपुढे मांडावे. तासिका तत्त्वावरील अध्यापकांना बैठकीत स्थान असावे, आणि त्या वेळेचे मानधनही मिळावे.

या शेवटच्या बाबीस संस्थाचालकांची संमती लागते. महाविद्यालयाच्या पाहणीत पदांची संख्या आणि ग्रंथालयातील पुस्तके मोजली जातात. त्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारले जावेत: पहिल्या वर्षाचा वर्ग कोण घेतो, आणि दोन वर्षांपूर्वी तो घेणारा अध्यापक आज विभागात आहे काय? या दोन उत्तरांवरून विभागाची खरी प्रकृती कळून येईल.