धारवाडची समीक्षा: वर्गात आणि माळ्यावर

धारवाडात कर्नाटक कॉलेज १९१७ पासून, विद्यापीठ १९४९चे. ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्य शिकून आलेले वि. कृ. गोकाक या कॉलेजचे प्राचार्य होते. पण समीक्षेची खरी तालीम सुभाष रोडवर, १९३३ साली सुरू झालेल्या ‘मनोहर ग्रंथमाले’च्या माळ्यावर चाले. लेखक तिथे जमत, चर्चा रंगत. गिरीश कार्नाडांचे ‘ययाति’ इथूनच छापून निघाले. ग्रंथमालेचे साहित्यिक सल्लागार कीर्तिनाथ कुर्तकोटी गुजरातेत इंग्रजी शिकवत आणि समीक्षा मात्र कन्नडमध्ये लिहीत. त्यांच्या ‘उरिय नालगे’ला १९९५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठीचे जी. ए. कुलकर्णीही याच गावात इंग्रजीचे प्राध्यापक! समीक्षा शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी पाश्चात्त्य सिद्धान्तांसोबत कुर्तकोटीही जरूर वाचावेत.