वस्तुसंग्रहालयांत सांपडलेला पोटखराबा

गेल्या मार्गशीर्षांत कामानिमित्त आमचें मुंबईस जाणें झालें. सोबत आठ वर्षांचा नातू होता. काम लवकर उरकल्यामुळें त्यास घेऊन छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा, म्हणजे पूर्वींच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियमचा, सृष्टिविज्ञान विभाग पाहिला. हें संग्रहालय १९२२ सालीं लोकांस खुलें झालें. १८८३ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या साह्यानें हा विभाग उभा राहिला व १९२६ च्या सुमारास पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली येथें प्रेक्षकांस माहिती सांगत असत.

येथील विशेष हा कीं, प्राण्याबरोबर त्याची जमीनही मांडिली आहे. गव्याभोंवतीं रान, रोहित पक्ष्यांभोंवतीं पाणथळ. धनेशाची मादी ढोलींत स्वतःस कोंडून घेते व नर तिला बाहेरून चारा भरवितो. तें झाडच गेलें तर त्यांचा संसार कोठला?

नातवानें विचारिलें, "आजोबा, आपल्या माळावरचा पक्षी कोणता दाखवायचा?"

आम्हांस माळढोक आठवला. लहानपणीं तो आम्हीं स्वतः पाहिला आहे. उघड्या माळावर तो बहुधा एकच अंडें घालतो आणि टोळ, भुंगेरे वेंचून खातो. म्हणजे शेतकऱ्याचा बिनपगारी गडीच. सोलापूर जिल्ह्यांत नान्नज येथें १९७९ सालीं त्याच्यासाठीं अभयारण्य झालें. तरी आज साऱ्या देशांत हे पक्षी दोनशेंहून कमी उरले आहेत.

महसुली कारकुनींत अशा माळांपुढें 'पोटखराबा' हा शब्द आम्ही जन्मभर लिहीत आलों. पोटखराबा म्हणजे लागवडीस अयोग्य, निरुपयोगी नव्हे. हा भेद शिकविणाऱ्यांसच कळला नव्हता! घरचा चार एकर माळ मोडून आम्हीं त्यावर नांगर घातला. मुरमाड जमीन ती. तिसऱ्या वर्षीं बियाण्याचा खर्चही निघाला नाहीं. गवत गेलें तें गेलेंच, वर बैलांस वैरण विकत आणावी लागली.

यंदा तो तुकडा आम्हीं पुन्हां गवतास सोडिला आहे. मारवेलाचें बीं गळून पडेपर्यंत तेथें गुरें सोडावयाचीं नाहींत, असा घरांत नियम केला आहे. ज्या बंधूंच्या उताऱ्यावर असा माळ असेल त्यांनीं तो मोडण्यापूर्वीं वैरणीचा हिशेब एकदां मांडावा. माळढोक परत येईल असें आम्हांस सांगवत नाहीं. परंतु आला, तर त्यास उतरावयास जागा असेल.