बेटावरून थेट शेकोटीला

अंदमानला पोचलो त्या दिवशी माझ्या बॅगेत खोबरेल तेलाची बाटली सांडली. तेल अगदी पाण्यासारखं पातळ झालं होतं. दोन कुर्ते वाया गेले. आठवड्यानं तीच बाटली निफाडला घरी उघडली, तर आत पांढराशुभ्र गोळा! खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं. माझ्या सुट्टीची गोष्ट त्या एका बाटलीत मावते.

डिसेंबरची सुट्टी, आम्ही चार मैत्रिणी आणि वर्षभर साठवलेले पैसे. निघताना आईनं स्वेटर दिला होता. तो मी पुण्याच्या रूमवरच ठेवला. बेटावर जाताना स्वेटर कोण नेतं?

श्री विजयपुरममध्ये (म्हणजे जुनं पोर्ट ब्लेअर) सेल्युलर जेल पाहिलं. आमच्या नाशिकजवळच्या भगूरच्या सावरकरांची कोठडी पाहिली. मग बोटीनं स्वराज द्वीपला, म्हणजे हॅवलॉकला गेलो. राधानगर बीचवर संध्याकाळी पाच वाजून गेले न गेले तोच सूर्य बुडाला. घड्याळ बिघडलं की काय असं वाटलं. पण घड्याळ बरोबर होतं. अंदमान निफाडच्या कितीतरी पूर्वेला आहे आणि देशभर वेळ मात्र एकच. त्यामुळे डिसेंबरात तिथे सूर्य निफाडपेक्षा जवळजवळ तासभर आधी मावळतो आणि सकाळी दीड तास आधी उगवतो.

त्या सूर्यास्ताचा फोटो मी स्टेटसला टाकला. सकाळी कुणी कुणी पाहिला ते बघत होते. पप्पांच्या नावापुढे वेळ होती रात्री २.४०. झोप लागली नसेल, असं म्हणून मी पुढे स्क्रोल केलं. रोज फोनवर ते एवढंच म्हणायचे, "इकडं गारवा आहे जरा. तू मजा कर."

परतीच्या दिवशी सकाळी आम्ही टीशर्टवर होतो. चेन्नईला विमान बदललं, मुंबईला उतरलो. बाकीच्या तिघी पुण्याला गेल्या, मी रात्रीची रेल्वे पकडली. कल्याणपर्यंत पंखा चालू होता. गाडी कसारा घाट चढली, इगतपुरीला दार उघडलं आणि डब्यात असा गारठा शिरला की मी बॅगेतले दोन्ही टॉवेल अंगाभोवती गुंडाळले. एकाला अजून समुद्राची वाळू होती. समोरच्या आजी बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पोरी, घरी कुणी सांगितलं नाही का गं, थंडी पडलीय म्हणून?" आणि त्यांनी त्यांची जादाची शाल काढून दिली.

नाशिकरोडहून पहिल्या एसटीनं निफाडला उतरले. न्यायला पप्पांऐवजी चुलतभाऊ आला होता. "काका बागेत आहेत," म्हणाला. बागेच्या बांधावर गाडी थांबली तेव्हा उजाडलं नव्हतं. द्राक्षांच्या ओळींमध्ये जागोजागी शेकोट्या धुमसत होत्या. माकडटोपी घातलेले पप्पा एका शेकोटीत काड्या सरकवत होते. डोळे धुरानं लाल झाले होते.

निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आल्याच्या बातम्या तुम्ही दर हिवाळ्यात वाचता. आपण त्या वाचून 'वॉव, महाबळेश्वर फील' अशी कमेंट टाकतो. बागायतदारासाठी त्या बातमीचा अर्थ वेगळा असतो. मण्यांत पाणी उतरायला लागलं, गोडी भरायला लागली की अशी थंडी मण्यांना तडे पाडते. फुगवण थांबते. म्हणून रात्रभर धूर करायचा, पहाटे विहिरीचं पाणी सोडायचं, कारण ते हवेपेक्षा उबदार असतं. वर्षभराची औषधं, मजुरी, कर्जाचा हप्ता, सगळं त्या घडांवर लटकलेलं असतं. माझी कॉलेजची फीसुद्धा.

मी विचारलं, "पप्पा, सांगितलं का नाही?"

"सांगून काय झालं असतं? तू तिथून फुंकर मारणार होतीस का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिथल्या अख्ख्या आठवड्यात मी हवामान एकदाच पाहिलं होतं, तेही स्नॉर्केलिंग रद्द होणार नाही ना म्हणून.

खरं तर दोन्हीकडे ऋतू एकच होता. फरक समुद्राचा. पाणी हळूहळू तापतं आणि हळूहळूच निवतं. चहूबाजूंनी समुद्र असल्यामुळे अंदमानात दिवस आणि रात्रीच्या तापमानात थोड्याच अंशांचा फरक पडतो. निफाडला हवा कोरडी, आकाश निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी उष्णता सोडून देते आणि वर उत्तरेकडचे वारे. दुपारी टीशर्ट, पहाटे शेकोटी. पहिले दोन दिवस माझे ओठ फुटले, उन्हानं भाजलेल्या खांद्यांची सालं निघाली. आईनं तो गोठलेला गोळा चुलीजवळ वितळवून तेल चोळून दिलं. तुम्ही थंडीत बेटावर जाणार असाल तर एक स्वेटर हातातल्या बॅगेत ठेवाच. तो जाताना लागत नाही, येताना लागतो.

ट्रिपबद्दल मला अपराधी वाटावं, असं घरात कुणालाच वाटत नव्हतं. उलट शेकोटीजवळ बसून पप्पांनी सगळे फोटो दोनदा पाहिले. "पाणी एवढं निळं असतं?" असं विचारलं. त्यांनी समुद्र मुंबईचाच पाहिलाय. पुढचे तीन दिवस मी रात्री दोन ते पाचची पाळी घेतली. थंडी ओसरली तेव्हा आमच्या काही ओळींतल्या मण्यांना तडे गेले होते, बाकीची बाग वाचली.

आता घडांना कागद गुंडाळायचं काम सुरू आहे. दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकानं हिरवे मणी गुलाबी पडतात, भाव उतरतो, म्हणून प्रत्येक घडाला रद्दीचा पेपर बांधतात. त्यामुळे ही पुरवणी वाचून झाली की फेकू नका, रद्दीवाल्याला द्या. फिरत फिरत आमच्याच बागेत आली, तर माझा लेख पहिल्यांदाच कुणाच्या तरी खऱ्या उपयोगाला येईल.