बेगमपेठच्या काचा आणि दुसरी पृथ्वी

सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवतीही ग्रह असावेत, हे अनुमान जुने. त्याची प्रचीती मात्र अलीकडची. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह १९९५ साली सापडला. त्यानंतर असे ग्रह हजारोंनी सापडले. पृथ्वीची खरी जोड त्यांत अद्याप निश्चितपणे मिळालेली नाही.

असा ग्रह स्वतः बहुधा दिसत नाही. तो ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचे तेज किंचित उणावते, त्यावरून तो ओळखावा लागतो. पृथ्वी सूर्यासमोरून जाताना दूरच्या निरीक्षकास सूर्यप्रकाशात जेमतेम १२,००० व्या हिश्शाची घट आढळेल. सूर्याच्या जागी एखादा महाकाय तारा असता, तर तेवढीही आढळली नसती. म्हणून ग्रहाच्या आधी तारा पारखावा लागतो. जवळचा लहान तारा आणि दूरचा अवाढव्य तारा हे डोळ्यांना सारखेच तेजस्वी दिसू शकतात. त्यांना वेगळे करण्याची एक खूण म्हणजे ताऱ्याची आकाशातील सरक. डोक्यावरून जाणारी घार वेगवान भासते, उंचावरचे विमान संथ. तसेच जवळचे तारे बहुधा अधिक सरकतात. परंतु ही सरक इतकी सूक्ष्म असते की ती मोजण्यास मध्ये पुष्कळ वर्षे लोटावी लागतात.

येथे हैदराबादचा संबंध येतो. नवाब जफर जंग या विद्याव्यासंगी सरदाराने १९०१ साली स्थापिलेली निजामिया वेधशाळा पुढे बेगमपेठेत आली. पॅरिस येथे १८८७ साली ठरलेल्या आकाशाच्या छायाचित्रणात जगातील सुमारे वीस वेधशाळांनी भाग घेतला. त्यांत दक्षिण आकाशातील १७ ते २३ अंशांचा पट्टा हैदराबादकडे आला. तो मुळात चिलीतील सांतियागोचा होता, पण तेथे काम मागे पडले. आठ इंची दुर्बिणीने काचेच्या पट्टिकांवर छायाचित्रे घ्यावयाची आणि एकेका ताऱ्याचे स्थान मोजून लिहावयाचे, असे हे अतिशय कंटाळवाणे काम. टी. पी. भास्करन यांच्यासारख्यांनी ते नेटाने चालविले आणि साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांची नोंद झाली. ग्रहांचा शोध तेव्हा कोणाच्या मनातही नव्हता.

२००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘टायको-२’ या सूचीत, उपग्रहाने घेतलेल्या नव्या मापांशी या जुन्या नोंदी ताडून सुमारे २५ लाख ताऱ्यांची सरक काढण्यात आली. २०१८ साली ग्रहांच्या शोधार्थ सोडलेल्या ‘टेस’ दुर्बिणीसाठी तारे निवडताना जी साधने वापरली गेली, त्यांत ही सूचीही होती.

हैदराबादच्या पट्ट्यात कन्या राशीतील ६१ क्रमांकाचा तारा येतो. तो सूर्यासारखाच असून सुमारे २८ प्रकाशवर्षे दूर आहे; शंभर वर्षांत तो चंद्रबिंबाच्या व्यासाच्या बाराव्या हिश्शाएवढा सरकतो. त्याच्याभोवती ग्रह असल्याचे २००९ साली जाहीर झाले. सर्वांत आतला ग्रह वजनाने पृथ्वीच्या किमान पाचपट असावा. त्याचे वर्ष चार दिवसांहून थोडे मोठे. तेथे जीवसृष्टीची आशा धरणे व्यर्थ होय. पृथ्वीएवढा ग्रह पृथ्वीइतक्याच अंतरावर तेथे असेल, तर तो आपल्या ताऱ्याला सेकंदाला सुमारे ९ सेंटीमीटर, म्हणजे अर्ध्या वितीहूनही कमी, मागेपुढे हलवील. ताऱ्याचा स्वतःचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी अधिक खळबळत असल्यामुळे हे हलणे निवडून काढणे अद्याप साधलेले नाही. वैशाखातील रात्री, शहराच्या दिव्यांपासून दूर, चित्रा तारकेच्या दक्षिणेस सुमारे सात अंशांवर हा अंधुक तारा नुसत्या डोळ्यांनी दिसतो.